अनावश्यक खर्च

विमानतळाच्या अलीकडे गाडीतली घंटी वाजायला लागली तेव्हा बाळकृष्णला आधी वाटलं, कोणीतरी आपल्याला हाक मारतंय. टिंग, टिंग, टिंग. काटा एकशेवीसच्या पुढे गेला की इथं आखातात गाड्या अशा वाजतात, आणि बाळकृष्णच्या गाडीतली ती घंटी आजवर कोणी ऐकली नव्हती. तो रस्त्याच्या उजव्या, इथं सावकाश जाणाऱ्यांच्या बाजूनं, ट्रकांच्या मागे, बेतानं जाणारा माणूस. ओव्हरटेक करणाऱ्यांनी त्याच्याकडे वळून बघावं आणि मान हलवावी, असा. आज हा पाय एवढा दाबला कसा गेला ते त्याचं त्यालाच कळेना. मागच्या सीटवरून सागर म्हणाला, "पप्पा, हळू." बाळकृष्णनं पाय उचलला, घंटी थांबली. आरशात सागरचा चेहरा दिसत होता, काम नीट पार पाडलेल्या माणसाचा असतो तसा.

हळू हा शब्द सागरला शाळेनं दिला होता. त्याच्या आधीची कितीतरी वर्षं कुठलीही घंटी वाजली की तो कानांवर हात दाबून निळा पडेपर्यंत ओरडायचा. दाराची, फोनची, एवढंच काय पण खालच्या गल्लीत गॅसवाला सिलिंडरवर पाना आपटत यायचा त्याचीसुद्धा. मग शाळेत कॅन्टीनच्या मागे दोन खोल्यांचा तो विशेष वर्ग सुरू झाला आणि रत्नागिरीकडच्या सफिया टीचरनी वर्षभर एक छोटी घंटी त्याच्यासमोर ठेवली. घंटी चावत नाही, घंटी बोलते, तिला उत्तर द्यायचं, हे त्याला पटायला ते वर्ष गेलं. दाराची वाजली की 'कोण', फोनची वाजली की 'हॅलो', गाडीची वाजली की 'हळू'. अकरा वर्षांच्या मुलाकडे तीन घंट्यांची तीन उत्तरं होती. वसुंधरानं ज्या दिवशी पहिलं 'कोण' ऐकलं त्या दिवशी ती दार न उघडता तिथंच जमिनीवर बसली होती, आणि बाहेरचा इस्त्रीवाला बराच वेळ घंटी वाजवत राहिला होता. हा वर्ग आता मार्चपर्यंत, शाळेचं वर्ष संपेपर्यंत. निवडून आलेला जनार्दन तसंच म्हणाला होता, मघाशी, मतमोजणी झाल्यावर, हार गळ्यात असतानाच. मार्चपर्यंत चालू ठेवू.

निवडणूक होती शाळेच्या समितीच्या अध्यक्षपदाची. तेवढीच. पण बाहेरच्या माणसाला हे समजणार नाही की इथल्या बापयांना तेवढीच किती मोठी होती. या देशात आपल्याला मत नाही, असायचं कारणही नाही. अर्बाबच्या, म्हणजे इथल्या मालकाच्या, सहीवर राहणारी माणसं आपण. गावच्या मतदारयादीतून नावं केव्हाच गळालेली. ज्यांनी जन्मात कधी मतपेटी पाहिली नव्हती किंवा पाहिल्याला वीस वर्षं झाली होती, असे मॅनेजर, फोरमन, दुकानदार आज सकाळी इस्त्रीचे शर्ट घालून शाळेच्या पटांगणात रांगेत उभे होते. लांबच्या माबेलाहून लोक पहाटेच निघून आले होते. एका कुटुंबाला एक मत, आणि ते ज्याच्या व्हिसावर कुटुंब आलं त्याचं, म्हणजे बापाचं. आया घरी. मत टाकून बाहेर आल्यावर एकानं स्वतःचं बोट वर धरून पाहिलं आणि शाई लावत नाहीत म्हणून तो खरोखर खट्टू झाला. बाळकृष्णला त्याचं हसू आलं होतं. सकाळी त्याला अजून हसू येत होतं.

सुटीचा दिवस असूनही सागरला बरोबर आणलं ते वसुंधराच्या सांगण्यावरून. ती म्हणाली, त्याला घेऊन जा, लोकांना दिसू दे. एवढंच. सागर रांगेत थोडा वेळ उभा राहिला आणि मग सवयीनं कॅन्टीनच्या मागे चालायला लागला. बाळकृष्ण त्याच्या मागे गेला तर तो वर्गाच्या दाराची कडी हलवत होता. कुलूप होतं. त्यानं आधी कडी हलवली, मग दाराला कान लावला, मग अगदी सभ्यपणे विचारलं, "कोण?" आतून कोणी बोललं नाही. त्याला तिथून हलवायला बाळकृष्णला बराच वेळ लागला, आणि रांगेतली त्याची जागा गेली.

बाळकृष्ण एका बांधकाम कंपनीच्या खरेदी खात्यात होता, कुरुमच्या ऑफिसात. सिमेंटपासून संडासाच्या भांड्यांपर्यंत जे काही विकत घ्यायचं त्याचे भाव मागवायचे, पुरवठादारांना एकमेकांशेजारी मांडायचं, कोण सरस ते सांगायचं, हे त्याचं काम. त्यात तो वाकबगार होता. 'ब्रेकअप द्या' हे त्याचं पालुपद. नुसता एकूण आकडा कोणी आणला की तो कागद परत सरकवायचा: आत काय आहे ते सांगा. आणि त्याहून मोठी त्याची ख्याती म्हणजे त्याचं निर्लेपपण. दिवाळीला पुरवठादार पाठवत ते खजुराचे डबेसुद्धा तो परत करायचा. एकदा वसुंधराचा लांबचा मावसभाऊ टाइल्सचा भाव घेऊन आला तेव्हा हा स्वतः उठून खोलीच्या बाहेर जाऊन उभा राहिला होता, आत दुसऱ्यांनी ठरवावं म्हणून. मावसभावाचं काम गेलं. वसुंधराच्या माहेरचे अजून ते बोलून दाखवतात. बाळकृष्णला त्या गोष्टीचा अभिमान होता, आणि हा अभिमान त्यानं कधी लपवला असं म्हणता येणार नाही. माणसाकडे मिरवायला काहीतरी लागतं. कोणाकडे जमीन असते, कोणाकडे डॉक्टर झालेला मुलगा.

नोव्हेंबरात ऑफिसच्या पॅन्ट्रीत टीव्हीवर अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक चालली होती. दोन उमेदवार शेजारीशेजारी उभे, पडद्यावर मधोमध रेघ. डावीकडचा थकलेला, बरीच पदं भोगलेला, केसांचा रंग उडालेला. तो अनुभवाबद्दल बोलत होता. उजवीकडचा तरतरीत, तो म्हणत होता, मी बजेट कापीन. नेमकं काय कापणार, असं मुलाखत घेणाऱ्या बाईनं विचारलं तर तो छान हसला आणि म्हणाला, जे अनावश्यक आहे ते. बाळकृष्ण सुलेमानी चहा ढवळत होता. त्यानं शेजारच्या मल्याळी अकाउंटंटला सांगितलं, "देखो, ब्रेकअप नहीं दिया." दोघंही हसले. इथला वाली, म्हणजे गव्हर्नर, कोण असावा हे कोणी आपल्याला विचारत नाही आणि अमेरिकेतलाही कोण असावा हे विचारणार नव्हतं, पण चहा संपेपर्यंत बाळकृष्णनं दोघांना गुण देऊन टाकले होते. सवय वाईट. दोन माणसं शेजारी उभी दिसली की त्याच्या डोक्यात मधली रेघ आपोआप पडायची. लग्नाच्या वेळी मुली बघतानाही त्यानं हेच केलं होतं, असं वसुंधरा म्हणायची, आणि त्या तुलनेत मी वर आले यात माझा काय सन्मान, असंही.

इथले दोघे म्हणजे हुसेनभाई आणि जनार्दन. हुसेनभाई श्रीवर्धनकडचे, मत्राच्या बाजारात जुनं दुकान, किती वर्षं समितीवर होते ते त्यांनाही आठवत नसावं. त्यांचा हिशेब कधी वेळेवर आला नाही. बिलं खिशात, खिसा धोब्याकडे. शाळेचे एसी त्यांच्या पुतण्याच्या दुकानातून आले होते आणि ते वाजत असत. फी दर दोन वर्षांनी वाढायची. पण विशेष वर्ग त्यांनी आणला होता. समितीत सगळे नाही म्हणत असताना इथल्या शिक्षण मंत्रालयाच्या पायऱ्या चढून, इन्शाल्ला इन्शाल्ला ऐकत दिवसचे दिवस बाकावर बसून परवानगी आणली होती. दुसरा जनार्दन, पुण्याचा, एका मोठ्या कंपनीत फायनान्सचा माणूस, बोलायला गोड आणि मुद्देसूद. त्याचं म्हणणं एकच: खर्च कापू, फी रोखू. इथं ज्याची दोन मुलं शाळेत आणि पगार तिथल्या तिथं, त्याला हे ऐकून बरं वाटणारच. बाळकृष्णलाही वाटलं. खोटं कशाला बोला, हुसेनभाईंचे एसी त्यालाही सलत होते.

जनार्दन घरी आला होता, अल हैलला, संध्याकाळी. वसुंधरानं थालीपीठ केलं होतं. सागरनं पाणी आणलं, दोन्ही हातांनी पेला धरून, टाचा न आपटता. सफिया टीचरनी शिकवलं होतं की देणारा देतो आणि घेणारा थँक यू म्हणतो, आणि घेणारा म्हणत नाही तोवर सोडायचं नाही, कारण न म्हणताच घेतलं तर त्याला ऐकूच गेलेलं नसतं. जनार्दन बोलण्याच्या नादात होता. त्यानं पेला ओढला, सागरनं धरून ठेवला, जनार्दननं पुन्हा ओढला आणि पाणी त्याच्या पँटवर सांडलं. वसुंधरा म्हणाली, "त्याला थँक यू म्हणा ना, सोडेल तो." जनार्दन म्हणाला, थँक यू बेटा, आणि सगळे हसले. बाळकृष्ण जरा जास्तच हसला. मग खाली गाडीपर्यंत सोडायला गेला असताना जनार्दननं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की शुक्रवारच्या जेवणात तुम्हीच दोघांची तुलना मांडा, तुमच्या शब्दाला वजन आहे, तुमच्याइतका निःपक्ष माणूस नाही आपल्यात. आणि दार लावता लावता, "ते स्पेशलचं बघू हं. मूठभर मुलं, तीन टीचर. तुमच्यासाठी काहीतरी वेगळं करू." अर्धं आयुष्य पुरवठादारांशी बोलण्यात गेलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ सांगावा लागत नाही. बघू म्हणजे ठरलंय. बाळकृष्ण गाडीचे मागचे दिवे वळणापर्यंत पाहत राहिला, आणि निःपक्ष हा शब्द त्याच्या अंगावर नव्या शर्टासारखा होता.

वसुंधराला ते सफिया टीचरकडून कळलंच. तिनं आरडाओरडा केला नाही, ती करतही नसे. तिनं फक्त पुढचं सगळं सरळ मांडलं. वर्ग बंद झाला तर मी त्याला घेऊन मिरजेला बहिणीकडे जाईन, तिथं तशी शाळा आहे. आधी गेले होते तशी. बाळकृष्णला ते 'आधी' आठवायला नको असायचं. तीन वर्षं. रुवीच्या टेलिफोन बूथच्या रांगेत कार्ड हातात घेऊन उभं राहणं, पलीकडे वसुंधरा रिसीव्हर सागरच्या कानाला लावायची आणि या बाजूला बाळकृष्ण म्हणायचा, पप्पा बोलतोय, पप्पा, आणि पलीकडे नुसता श्वास, मग किंकाळी. सुटीत तो गेला की सागर त्याला ओळखायचा नाही. ओळखायला लागायचा तेव्हा परतीचं विमान आलेलं असायचं. घरात एकट्यानं डाळभात लावून तो कुकरसमोर उभा राहायचा, शिट्टी झाली की अजूनही कानांवर हात ठेवावेत असं त्याला वाटायचं, कोणीच ओरडत नसताना. वर्ग सुरू झाला आणि ती दोघं परत आली, त्याला आता चार वर्षं. आता सागर त्याच्या गाडीत बसतो आणि आज तर त्याला हळू म्हणाला. "तुम्ही बोलणार आहात ना शुक्रवारी," वसुंधरा म्हणाली होती, "तर तेवढं बोला. बाकी कोणालाही निवडा म्हणा. फक्त तो वर्ग जाणार आहे हे सांगा. लोक वाईट नाहीयेत, त्यांना माहीत नाहीये." बाळकृष्ण हो म्हणाला होता. मनापासून म्हणाला होता.

शुक्रवारी कोणाच्यातरी व्हिलाच्या अंगणात सगळे जमले होते. जानेवारीचं ऊन, सतरंज्या, मसालेभात, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मुलं मधे इंग्रजीत भांडणारी. जेवणं झाल्यावर बाळकृष्ण उभा राहिला. त्यानं अमेरिकेतल्या त्या गव्हर्नरांपासून सुरुवात केली आणि ती फार चांगली जमली. तिथले लोक कसे माणूस पाहत नाहीत, काम पाहतात. एका बाजूला अनुभव ठेवतात, दुसऱ्या बाजूला काटकसर. लोक ऐकायला लागले. हुसेनभाईंचा अनुभव त्यानं पुरेपूर मान्य केला. बिलांचं सांगितलं, एसींचं सांगितलं, कोणाचंही नाव खराब न करता. जनार्दनचा अनुभव कमी, हेही सांगितलं. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच आवडत होता. आणि मग ते वाक्य आलं, जनार्दन काय कापणार, आणि समोर बायकांच्या बाजूला त्याला वसुंधरा दिसली. सागर तिच्या मांडीला टेकून बसला होता, तोंडाला श्रीखंड. ती त्याच्याकडे बघत होती, बाळकृष्णकडे. तो थांबला. आता माझा मुलगा असं म्हणायचं, असं त्याला कळत होतं. तोंड उघडलंही असेल. पण त्याच क्षणी त्याला टाइल्सच्या वेळचं ते दार दिसलं, आपलं माणूस आत असलं की आपण बाहेर जायचं ते दार, आणि हे तीसचाळीस चेहरे, जे आता बघता बघता म्हणतील, अच्छा, एवढ्यासाठी होतं होय हे सगळं. पोटच्या पोराचं गाऱ्हाणं. त्याला लाज वाटली. आपल्या मुलाची नाही, असं तो नंतर स्वतःला सांगत आलाय, मागण्याची. पण लाज ही लाजच, तिच्यावर कोणाचं नाव घातलं म्हणून तिचा रंग बदलत नाही. "अनावश्यक खर्च," तो म्हणाला. एवढंच. पुरुषांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, क्या बात है. वसुंधरानं पदराच्या टोकानं सागरचं तोंड पुसलं, नीट, कोपऱ्यांतून, आणि मग तिनं वर पाहिलंच नाही.

त्या दिवसानंतर ती त्याच्याशी बोलत राहिली. मीठ आणा, भाडं द्यायचंय, उद्या त्याला मी सोडते. हेच सर्वांत वाईट होतं. भांडण झालं असतं तर तो आपली बाजू मांडू शकला असता. त्याच्याकडे बाजू तयार होती, मुद्द्यांसकट. ती कोणी मागितलीच नाही. रात्री तो ती बाजू अंथरुणात स्वतःलाच सांगायचा आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच दोन शब्द यायचे, आणि ते त्याचेही नव्हते, जनार्दनचे होते, त्याच्याही आधी टीव्हीवरच्या त्या तरतरीत माणसाचे.

सकाळी रांगेत हुसेनभाई भेटले होते. त्यांनी दोन्ही हातांत त्याचा हात घेतला. म्हणाले, "बालूभाऊ, तुझा भाषण बरा झाला म्हणतात." त्यात टोमणा असता तर बाळकृष्णला सोपं गेलं असतं. मग त्यांनी खाली बघून सागरच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरगा कसा हाय? आता बोलतो म्हणं?" बाळकृष्ण म्हणाला, हो, बोलतो. सागर काही बोलला नाही, कारण कुठली घंटी वाजली नव्हती. आत पडद्यामागे कागद हातात आला तेव्हा बाळकृष्णच्या डोक्यात कुठलीही रेघ पडली नाही. पहिल्यांदाच. त्यानं सरळ हुसेनभाईंच्या नावापुढे खूण केली, कागद दुमडला, पेटीत टाकला, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन त्यानं सागरला कॅन्टीनमधून ज्यूस घेऊन दिला. हे एक तरी आपण केलं. घरी गेल्यावर सांगता येईल. मग दुपारी मोजणी झाली, आणि ती मोजणी म्हणावी अशीसुद्धा झाली नाही. एका बाजूचा गठ्ठा वाढत गेला आणि दुसऱ्या बाजूला हुसेनभाई हात बांधून हसत उभे राहिले. जनार्दननं बाळकृष्णला मिठी मारली. तुमच्यामुळे, असं तो चारचौघांत म्हणाला, आणि मार्चपर्यंतचं मग हळू आवाजात.

विमानतळ डाव्या अंगाला मागे पडला. एक विमान समोरून उतरत आलं आणि सागरनं काचेला नाक लावलं. बाळकृष्णला वाटलं, आताच विचारावं की विमानात बसायला आवडेल का, पण त्याचं उत्तर सागरला कोणी शिकवलेलं नव्हतं. अल हैलच्या वळणावर समुद्राचा वास आला, सुकत घातलेल्या मासळीचा. या वासानं पहिल्या वर्षी त्याला गुहागरची आठवण यायची आणि रडू फुटायचं. आता हा वास नुसता घराजवळ आल्याचा होता, आणि त्याला घरी पोचायचं नव्हतं. तरी घर आलंच.

सागरनं घंटी वाजवली. आतून वसुंधरानं, नेहमीप्रमाणे, त्याच्यासाठी विचारलं, "कोण?" आणि लोटलेलं दार ढकलून तो खूश होऊन आत धावला. ती ओट्याशी होती. रेडिओ बंद होता. बाळकृष्णनं चपला काढल्या, त्या नीट जुळवून ठेवल्या, पुन्हा जुळवल्या.

"कोण आलं?" तिनं विचारलं.

"जनार्दन."

तिनं गॅस बंद केला. हात धुतले, पुसले. बाहेर आली ती जेवणाच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसली, आणि त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्ही कोणाला दिलंत?"

हे उत्तर त्यानं सबंध रस्ताभर जपून आणलं होतं. तेवढंच त्याच्याकडे होतं. "हुसेनभाईंना," तो म्हणाला, आणि आवाजात थोडासा अभिमान आला तो त्याला आवरता आला नाही.

वसुंधराच्या चेहऱ्यावर राग आला नाही. काहीतरी सुटेल, निदान थोडं, अशी वाट बघत तो उभा होता.

"म्हणजे तुम्हाला कळत होतं," ती म्हणाली.

ती उठून आतल्या खोलीत गेली. कपाटाच्या वरून बॅग ओढल्याचा आवाज आला, मग धूळ झटकल्याचा. सागर स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आला, दोन्ही हातांनी, टाचा न आपटता, आणि बापासमोर उभा राहिला. बाळकृष्णनं पेला धरला. एक शब्द म्हणायचा होता, सोपा, घरात रोजचा. तो तोंड उघडून उभा राहिला. सागर त्याच्याकडे बघत होता, घाई न करता, आणि पेला सोडत नव्हता.